उच्च शिक्षणाची दारं उघडली की देशातलं इनोव्हेशन वाढतं का?

ताळेबंद

एका टिपणासाठी बऱ्याच देशांचे आकडे एका तक्त्यात आणले आहेत. एका रकान्यात उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण, म्हणजे जीईआर. दुसऱ्यात जागतिक नवोन्मेष निर्देशांकाचे, म्हणजे जीआयआयचे गुण. आलेख काढला तर ठिपके डावीकडून उजवीकडे चढत जातात, अगदी डोळ्यांत भरतील इतके. यावरून 'उच्च शिक्षण जितक्या जास्त लोकांपर्यंत पोचतं, तितकं देशातलं इनोव्हेशन वाढतं' असं लिहावं का?

दोन ठिकाणी अडलो आहे. एक म्हणजे ग्रीस आणि स्वित्झर्लंड. ग्रीसचा जीईआर शंभरच्याही बराच वर, पण गुण मध्यम. स्वित्झर्लंडचं उलट. दोघांना अपवाद म्हणून वगळलं तर चालेल का? दुसरं, जीआयआयऐवजी पेटंट मोजावीत असं सुचवलं गेलं, पण एकाच देशाचे पेटंटचे आकडे चार ठिकाणी चार दिसतात. कोणते धरायचे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काटेकोर

असं लिहू नका. आणि त्या दोघांना तर मुळीच वगळू नका, तुमच्या तक्त्यात खरं बोलणारे तेवढेच आहेत.

आधी आलेखाबद्दल. जीआयआयचे सात स्तंभ असतात, पाच आदानांचे आणि दोन फलितांचे. आदानांमधला एक स्तंभ 'मानवी भांडवल आणि संशोधन'. त्याच्या पोटात उच्च शिक्षणातली नोंदणी हाच एक निर्देशक आहे, शिवाय विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीधरांचं प्रमाण आणि बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचं प्रमाणही. म्हणजे तुम्ही एक वस्तू तिच्याच तुकड्याशी ताडून पाहिलीत. ठिपके चढतील नाहीतर काय! निर्देशांक वापरायचाच असेल तर फक्त फलितांचा उपनिर्देशांक घ्या. तेवढ्याने ही गोल गोल फिरण्याची भानगड मिटते. मात्र श्रीमंत देश कॉलेजंही बांधतात आणि प्रयोगशाळाही चालवतात, हा तिढा तसाच राहतो.

आता ग्रीस. जीईआरच्या अंशात कोणत्याही वयाचे सगळे नोंदलेले विद्यार्थी येतात. छेदात मात्र माध्यमिक शिक्षण संपल्यानंतरच्या पाच वर्षांच्या वयोगटाची लोकसंख्याच असते. पदवी पूर्ण न करता वर्षानुवर्षं पटावर राहिलेले विद्यार्थी अंशात साचत जातात आणि आकडा शंभर ओलांडतो. तो पटाचा आकडा आहे, शिकून बाहेर पडलेल्यांचा नाही. तुम्हाला साठा हवा: २५ वर्षांवरच्या लोकसंख्येत उच्च शिक्षण पूर्ण केलेल्यांचा वाटा. बॅरो-ली यांच्या देशनिहाय शिक्षणाच्या आकडेवारीच्या संचात तो १९५० पासून दर पाच वर्षांनी मिळतो. पूर्ण केलेलं आणि अर्धवट सोडलेलं असे रकाने तिथे वेगळे आहेत, ते मिसळू नका.

स्वित्झर्लंड २०११ पासून जीआयआयमध्ये सलग पहिला आहे, आणि तिथे शाळेतून थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या वाटेने साधारण पाचातला एकच जण जातो. बहुतेक मुलं उमेदवारीकडे वळतात, म्हणजे आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि उरलेले शाळेत. पण ती वाट पुढे बंद होत नाही. १९९०च्या दशकात तिथे व्यावसायिक मार्गाची वेगळी पात्रता परीक्षा आणि उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं उभी राहिली. लेथवर काम शिकलेला मुलगा तिथून अभियंता होऊ शकतो, पूरक परीक्षा देऊन मुख्य विद्यापीठातही जाऊ शकतो. शिवाय तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांत निम्म्याहून जास्त परदेशी आहेत. म्हणजे त्या देशाने स्वतःचा जीईआर वाढवण्याऐवजी इतरांच्या जीईआरचं फळ आयात केलं असंही म्हणता येईल. देशनिहाय तक्त्यात हे कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

पेटंटचे आकडे वेगळे दिसतात त्याची कारणं ठरलेली आहेत:

– अर्जदाराचा देश की संशोधकाचा देश? कंपन्या करासाठी हक्क भलत्याच देशात नोंदवतात. म्हणून नेहमी संशोधकाचा निवासी देश घ्या. संशोधक तीन देशांतले असतील तर प्रत्येकाला एक तृतीयांश.
– कोणतं वर्ष? मंजुरीचं नको, पहिल्या अर्जाचं. मंजुरीला कुठे दोन वर्षं लागतात, कुठे सहा.
– एकच शोध दहा देशांत नोंदला तर दहा पेटंट दिसतात. म्हणून 'कुटुंब' मोजा, म्हणजे एका शोधाचे सगळ्या देशांतले अर्ज मिळून एक. युरोप, जपान आणि अमेरिका या तिन्ही कार्यालयांत गेलेली कुटुंबं घेतली तर हौशी अर्ज गळून पडतात.
– काही देशांत 'युटिलिटी मॉडेल' नावाचा हलका प्रकार सखोल तपासणीविना मिळतो. तो त्याच बेरजेत असेल तर काढा.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रकाशित होतो, आणि आंतरराष्ट्रीय अर्ज असेल तर देशोदेशीच्या कार्यालयात शिरायला ३० महिन्यांपर्यंत मुदत असते. त्यामुळे शेवटची तीन-चार वर्षं कायम पडझड झाल्यासारखी दिसतात. ती कापून टाका, नाहीतर 'अलीकडे इनोव्हेशन घटलं' असा शोध लागेल.

उंटावरचा शहाणा

एवढी आकडेमोड कशाला? एडिसन कॉलेजात गेला नाही, राइट बंधूही नाहीत. विषय संपला.

आडवी रेघ

@उंटावरचा शहाणा, तुमचंच उदाहरण पुढे नेऊ. एडिसनने १८७६ मध्ये मेन्लो पार्कला प्रयोगशाळा काढली आणि दिव्याचं काम ऐन भरात असताना फ्रान्सिस अप्टन नावाचा गणिती नोकरीला ठेवला. हा प्रिन्स्टनचा पदव्युत्तर, बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला. दिव्याच्या तंतूचा रोध किती ठेवला म्हणजे तांब्याच्या तारांचा खर्च परवडेल, असली गणितं त्याच्याकडे होती. पदवी नसलेल्या माणसाला पदवीधर लागला, हे त्या गोष्टीतलं गाळलं जाणारं पान.

शिवाय काळ बदलला. बेंजामिन जोन्स यांनी २००९ मध्ये 'ज्ञानाचं ओझं' हा मुद्दा पेटंटच्या आकड्यांवर तपासला. पहिल्या शोधाच्या वेळचं वय वाढत चाललं आहे, लोक अरुंद विषयात शिरताहेत आणि चमू मोठे होताहेत. ज्ञानाच्या आघाडीपर्यंत पोचायलाच जास्त वाचावं लागतं.

आता मूळ प्रश्नाकडे. देशांची तुलना करून कारण आणि परिणाम सुटत नाहीत. त्यापेक्षा एखाद्या सरकारने अचानक दार उघडलं, आणि कुणाच्या दारात कॉलेज आलं हे त्या मुलांच्या हुशारीवर ठरलं नव्हतं, असे प्रसंग शोधा. असे दोन अभ्यास शेजारी ठेवले की सगळी गुंतागुंत दिसते.

फिनलंड: १९५० च्या अखेरीपासून पुढच्या दशकभरात राजधानीबाहेर तीन ठिकाणी तंत्रविद्यापीठीय शिक्षण सुरू झालं, औलू, टाम्पेरे आणि लापेनरान्ता. टोइवानेन आणि व्हॅनानेन यांनी घरापासून तंत्रविद्यापीठापर्यंतचं अंतर हे साधन म्हणून वापरलं. कारण जवळ कॉलेज आलं की त्याच कुवतीचा मुलगा अभियांत्रिकीला जाण्याची शक्यता वाढते. निष्कर्ष असा की या तीन संस्थांमुळे फिनिश संशोधकांची अमेरिकी पेटंट सुमारे २० टक्क्यांनी वाढली. परिणाम अभियांत्रिकीचा आहे, 'कोणत्याही पदवी'चा नाही, हे टिपणात ठळक लिहा.

इटली: १९६१ मध्ये औद्योगिक तांत्रिक शाळांतल्या मुलांना विद्यापीठातल्या विज्ञान-अभियांत्रिकी शाखांचं दार उघडलं. त्या शाखांतली नोंदणी काही वर्षांत दुपटीहून जास्त झाली. बियांकी आणि जॉर्चेल्ली यांनी या मुलांचा पुढे पेटंटपर्यंत माग काढला. पदवी मिळवलेल्यांच्या शोधांचे विषय बदलले, काही जण कंपन्यांत वरच्या जागी पोचून संशोधनात जास्त गुंतले. पण जे अधिक हुशार होते त्यांतले काही पदवीच्या जोरावर अशा नोकऱ्यांत गेले जिथे पेटंटचा संबंधच नसतो. पूर्वी हीच मुलं तंत्रज्ञ म्हणून कारखान्यात यंत्राशेजारी राहिली असती. म्हणजे दार उघडल्याने माणसं शोधाकडे आलीही आणि शोधापासून दूरही गेली. बियांकी यांनी दुसऱ्या एका अभ्यासात दाखवलं की जे विद्यार्थी एरवीही त्या वर्गांत बसणारच होते, त्यांना त्या पदवीचा मिळणारा फायदा गर्दीमुळे घटला.

फिनलंडने नव्या जागी नव्या संस्था उभारल्या, इटलीने असलेल्याच वर्गांत जास्त मुलं बसवली. मला स्वतःला फरकाचं मोठं कारण इथेच दिसतं. दोन्ही अभ्यासांची पद्धत मात्र वेगळी आहे, त्यामुळे आकडे थेट एकमेकांना लावू नका.

अमेरिकेचा एक अभ्यास सावधगिरी म्हणून. अँड्र्यूज यांनी कॉलेजसाठी अंतिम फेरीत येऊन थोडक्यात हुकलेली गावं आणि निवडली गेलेली गावं यांची तुलना केली. कॉलेज आलेल्या भागात पेटंट ६० टक्क्यांच्या आसपास जास्त निघाली. वा! पण त्या पेटंटवर नावं कुणाची, तर बहुतेक ठिकाणी त्या कॉलेजच्या प्राध्यापकांचीही नाहीत आणि माजी विद्यार्थ्यांचीही नाहीत. कॉलेज आलं, वस्ती वाढली, बाहेरचे लोक येऊन राहिले. एका गावासाठी हा लाभ खराच, पण देशाच्या बेरजेत शेजारच्या गावातून आलेला संशोधक दोनदा मोजायचा का?

खडू-फळा

आडवी रेघ यांच्या 'गर्दी'च्या मुद्द्याला +१. ती गर्दी नेमकी कुठे बाधते ते मांडतो, कारण धोरणाच्या कागदांत 'क्षमतावाढ' या एका शब्दात ते गुंडाळलेलं असतं.

समजा १ लाख जागा वाढवल्या. शिक्षकामागे २० विद्यार्थी धरले तर ५,००० नवे शिक्षक लागतात. ते पीएचडी झालेले हवेत. पीएचडी करणाऱ्यांतले निम्मेच शिकवायला येतात असं धरा, बाकीचे उद्योगात किंवा परदेशात. म्हणजे १०,००० जणांची पीएचडी पूर्ण व्हायला हवी. पूर्ण होण्याचा काळ पाच वर्षं, मध्येच सोडणारे वेगळे. म्हणजे पदवीच्या जागा वाढवण्याच्या सहा-सात वर्षं आधी पीएचडीच्या जागा आणि पाठ्यवृत्ती वाढायला हव्यात. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. आधी प्रवेश, मग भरतीची जाहिरात, तोवर तासिका तत्त्वावर माणसं. तासावर पैसे मिळणारा शिक्षक संशोधन का करील? त्याचा तासच मोजला जातो.

जो कायम आहे त्याच्यावर आठवड्याला १८-२० तास येतात. दर तासामागे तयारी आणि तपासणीचा एक तास धरला तरी आठवडा तिथेच संपतो.

प्रयोगशाळा: ६० जणांची तुकडी आणि ५ संच, म्हणजे संचामागे १२ जण. दोघं हात लावतात, एक जण वाचनं घेतो, नऊ जण उतरवतात. तीच तुकडी २०-२० च्या तीन गटांत फोडली तर तेच ५ संच चार-चार जणांना पुरतात. यंत्रावर एक पैसा वाढत नाही, पण प्रयोग-निदेशकाचे तास तिप्पट होतात. आणि अडतं ते इथेच, कारण यंत्र खरेदीचा निधी एकदाच मिळतो आणि त्याचं उद्घाटन करता येतं. निदेशकाचा पगार दरमहा द्यावा लागतो आणि त्याचा फोटो निघत नाही. महागड्या उपकरणाचंही तसंच. किमतीचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी देखभाल, सुटे भाग आणि वापराच्या साहित्यासाठी वेगळा नाही काढला तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यावर आच्छादन चढतं.

आता संस्थांची पेटंट. मानांकनात 'दाखल पेटंट'ला गुण असले की अर्ज वाढतात. खरं-खोटं ओळखायची एक स्वस्त चाचणी आहे: मुदतवाढीचं शुल्क. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावं लागतं, न भरल्यास पेटंट संपतं. साडेसात वर्षांचा टप्पा किती पेटंटनी ओलांडला ते पाहा. जिथे कुणालाच त्याचा उपयोग नसतो तिथे तो पैसा कुणी भरत नाही.

आणखी एक चूक नियम आखताना होते. नॉर्वेत २००३ पर्यंत विद्यापीठातल्या शोधाचे सगळे हक्क संशोधकाचे असत. मग दोन तृतीयांश वाटा विद्यापीठाकडे वळवला, हेतू हाच की शोध उद्योगांकडे सोपवणारी हस्तांतर कार्यालयं उभी राहून शोध बाजारात जावेत. ह्विडे आणि जोन्स यांनी मोजलं तर विद्यापीठीय संशोधकांच्या नव्या कंपन्या आणि पेटंट दोन्ही सुमारे निम्म्यावर आली होती. प्रवेश तितकेच, प्राध्यापक तेच, हक्काची वाटणी तेवढी बदलली.

मोजपट्टी

वरच्या चर्चेत 'प्रवेश' म्हणजे विद्यापीठाचं दार असं सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. गळती त्याच्या बरीच आधी होते. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या, पेटंटवर नाव असलेल्या सुमारे १२ लाख संशोधकांच्या नोंदी कर-नोंदींशी जोडल्या. सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं, मध्यापेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांच्या दहापट प्रमाणात संशोधक झाली होती. तिसरीतले गणिताचे गुण लक्षात घेतले तरी या दरीचा एक तृतीयांशाहून कमी भागच उलगडतो. गणितात अव्वल असलेली गरीब घरातली मुलंही मागेच राहिली. ज्या परिसरात लहानपणी संशोधक आजूबाजूला होते तिथली मुलं जास्त प्रमाणात संशोधक झाली, तीही त्याच तंत्रशाखेत. मुलींच्या बाबतीत तर आजूबाजूला महिला संशोधक असण्याचाच परिणाम दिसला, पुरुष असण्याचा नाही.

म्हणून फी माफ केली आणि जागा वाढवल्या एवढ्याने भावी संशोधक हाती लागतील असं नाही. फी माफीचा फायदा आधीच दारापर्यंत पोचलेल्यांना होतो.

अवांतर: इजिप्तने १९६० च्या दशकात पदवीधराला सरकारी नोकरीची हमी दिली होती. प्रवेश वाढले, हमीसाठी प्रतीक्षायादी वर्षानुवर्षं लांबत गेली. पदवीचं मोल कौशल्यात न राहता रांगेतल्या क्रमांकात आलं. उद्योगांना काय हवं हे विचारायची विद्यार्थ्याला गरजच उरली नव्हती.

ताळेबंद

सगळ्यांचे आभार. आलेख टाकून दिला. आता असं ठरवतोय: २५+ वयातला पदवीपूर्ण साठा, संशोधकाच्या देशाप्रमाणे तिहेरी कुटुंबं, पहिल्या अर्जाचं वर्ष. पाच वर्षांचं अंतर ठेवून दोन्ही जोडणार. हे पुरेल का? आणि जिथे पेटंट शून्य आहेत तिथे लॉग घेता येत नाही, म्हणून १ मिळवून लॉग घेतोय.

काटेकोर

पाच वर्षं फार कमी. अठराव्या वर्षी आत गेलेला मुलगा पीएचडी करून तिशीच्या आसपास बाहेर पडतो, आणि संशोधकांचं भरघोस काम चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे होतं. १५ ते २५ वर्षांचं अंतर ठेवा. एकच आकडा धरण्यापेक्षा १०, १५, २०, २५ असं करून पाहा, परिणाम एकाच ठिकाणी उसळी मारत असेल तर संशय घ्या.

१ मिळवून लॉग नको. कमी पेटंट असलेल्या देशांत तो १ च सगळं ठरवतो. १ ऐवजी ०.१ मिळवा, उत्तर बदललेलं दिसेल. मोजून येणाऱ्या संख्यांसाठीचं पॉयसन प्रतिमान घ्या, शून्यं जशीच्या तशी चालतात. देश आणि वर्ष या दोन्हींचे स्थिर परिणाम टाका, म्हणजे देशाचा कायमचा वेगळेपणा आणि त्या वर्षी सगळ्यांना सारखं लागू झालेलं वेगळं निघतं.

अजून दोन रकाने वाढवा. एक, संशोधन-विकासावरचा खर्च जीडीपीच्या टक्क्यांत, आणि त्यातला उद्योगांचा वाटा वेगळा. दक्षिण कोरियाचं उदाहरण पदवीधरांच्या संख्येसाठी सगळे देतात. तिथे हा खर्च जीडीपीच्या ५ टक्क्यांच्या घरात आहे आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त कंपन्या करतात. पदवीधराला बसायला खुर्ची होती. शिवाय हा रकाना उत्तर खाऊ शकतो, कारण शिकलेली माणसं वाढल्यानेच कंपन्या संशोधनावर खर्च करत असतील तर तो परिणामाचाच टप्पा झाला. म्हणून दोन तक्ते द्या, त्याच्यासह आणि त्याच्याविना.

दुसरा रकाना आघाडीपासूनच्या अंतराचा: देशाची उत्पादकता भागिले त्या वर्षातल्या सर्वांत पुढच्या देशाची. व्हान्डेनबुशे, अगियाँ आणि मेगीर यांनी २००६ मध्ये दाखवलं की उच्च शिक्षणाचा वाढीवरचा परिणाम देश आघाडीच्या जवळ असेल तर जास्त असतो. लांब असलेल्या देशाला दुसरीकडचं तंत्र आणून नीट चालवणारे लोक आधी लागतात, आणि ते माध्यमिक व तांत्रिक शाळांतूनही तयार होतात. शिक्षण आणि हे अंतर यांचा गुणाकार प्रतिमानात नसेल तर सगळ्या देशांना एकच सरासरी चिकटेल आणि ती कुणालाच लागू पडणार नाही.

आडवी रेघ

काटेकोर यांच्याशी सहमत. एक भर: कायद्याच्या तारखेवर भिस्त ठेवणार असाल तर त्याच सुमारास आणखी काय बदललं ते आधी पाहा. अमेरिकेतला १९४४ चा जीआय बिल, म्हणजे माजी सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणारा कायदा, नेहमी पुढे केला जातो, २२ लाखांच्या आसपास माजी सैनिक त्यातून कॉलेजात गेले. पण त्याच दशकात युद्धातल्या प्रयोगशाळांचा पैसा विद्यापीठांत मुरला होता आणि १९५० मध्ये संशोधनाला निधी देणारं राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानही आलं. वर्षाचा स्थिर परिणाम हे वेगळं करू शकत नाही, कारण सगळं एकाच देशात, एकाच वेळी घडलं. त्यासाठी देशातल्या देशात फरक हवा: कोणत्या जिल्ह्यात आधी, कोणत्या जिल्ह्यात नंतर.

व्हॅलेरो आणि व्हॅन रीनन यांनी ७८ देशांतल्या सुमारे १,५०० प्रदेशांवर तसंच केलं. विद्यापीठांची संख्या १० टक्क्यांनी वाढलेल्या प्रदेशात पुढे दरडोई उत्पन्न ०.४ टक्क्यांनी जास्त दिसलं, आणि त्यात पेटंटच्या मार्गाने आलेला वाटा लहान होता. टिपणाच्या मथळ्यात 'इनोव्हेशन' हा शब्द ठेवायचा असेल तर हा शेवटचा तुकडा कुठेतरी बसवावा लागेल.

ताळेबंद

मथळा बदलतो. जिल्हानिहाय आकडे कुणाकडे आयते मांडलेले असतील तर सांगा, नाहीतर हाताने भरायला बसतो.